सासूबाईंच्या बातम्या आणि कोपरची म्हैस

माझं लग्न एका गोगलगाईमुळे जमलं, असं मी अजूनही सांगते आणि अजूनही कोणी विश्वास ठेवत नाही.

डोंबिवलीची मंडळी ठाण्याला आमच्या घरी मला बघायला आलेली. पोहे खाऊन झाले. मुलगा छताकडे बघत होता, त्याचे वडील आमच्या नव्या पंख्याचं कौतुक करत होते, आणि त्याची आई, नुकत्याच निवृत्त झालेल्या शाळामास्तरीण, माझ्याकडे टक लावून बघत होत्या. स्वयंपाक येतो का, नोकरी करणार का, असलं काहीतरी येणार म्हणून मी उत्तरं घोकून बसलेले. त्यांनी विचारलं, "ऑक्टोपसला हृदयं किती असतात?"

"तीन," मी म्हटलं. प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेले मी, आणि त्या पदवीचा तोवर झालेला हा पहिला उपयोग.

"बरोबर." त्या पुढचा प्रश्न जुळवत होत्या, तेवढ्यात मला काय झालं कोण जाणे, मीच उलट विचारलं, "गोगलगाईला दात असतात का?"

माझ्या आईने स्वयंपाकघराच्या दारातून मला असे डोळे दाखवले की ते अजून आठवतात. पण पाहुण्या बाई पुढे सरकून बसल्या.

"गोगलगाईला? दात?"

"हजारो असतात. जिभेवर."

त्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली, नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "मुलगी पसंत आहे." मुलाला पसंत आहे का, हे विचारायचं दोन्ही घरं विसरली. तो नंतर म्हणायचा की, त्याने छताकडे बघता बघता होकार दिलेला.

सासरी आल्यावर कळलं की, हा सगळा वेडेपणा रोजचा आहे. पेपर आला की पहिलं पान सासऱ्यांचं. सासूबाई आतलं पान घ्यायच्या आणि कोपऱ्यातल्या छोट्या चौकटी शोधायच्या. "सरकार पडलं तर शेजारीपाजारी सांगतातच," त्या म्हणायच्या, "हे कोण सांगणार?" हे म्हणजे काय, तर कुठल्याशा देशात चोरी करायला शिरलेला चोर त्याच घरातल्या गादीवर झोपी गेला. किंवा समुद्रात कवळी पडलेल्या एका गृहस्थाला ती काही वर्षांनी माशाच्या पोटात सापडली. हे त्या जेवताना वाचून दाखवायच्या, वर्गात धडा वाचावा तसं, स्वल्पविरामाला थांबून, प्रश्नचिन्हाला भुवई उंचावून. कवळीच्या बातमीला सासऱ्यांना ठसका लागला, तेव्हा त्या त्यांचं पाणी पिऊन होईपर्यंत थांबल्या आणि मग उरलेलं वाक्य जिथून सोडलेलं तिथून पुरं केलं.

अशी काही वर्षं गेली. मग आमच्याकडे केबल आली.

आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर केबलवाला राहायचा. सासूबाईंचाच जुना विद्यार्थी. त्याच्या पुढच्या खोलीत व्हिडिओ प्लेअर, वायरींचं जंगल आणि एक खाट. दुपारी एक पिक्चर लावायचा, रात्री एक. मधल्या वेळात संध्याकाळी साड्यांचे सेल आणि कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या पडद्यावर दाखवायचा, मागे बासरी. त्या पाट्या बघायला कोणी बसत नाही, म्हणून दुकानदार कुरकुरायला लागलेले. एक दिवस तो वर आला आणि दारातच, हात मागे बांधून, उभा राहिला. मिशी आलेली, कमरेला पेजर, तरी सासूबाईंसमोर तो तसाच उभा राहायचा.

"बाई, तुम्ही शाळेत मधल्या सुट्टीनंतर त्या गमतीच्या बातम्या सांगायच्या ना... तसं काहीतरी केबलवर सांगाल का? दहा-पंधरा मिनिटं. मध्ये मध्ये मी पाट्या टाकीन."

"तुला सातवीत आठवतंय का, झुरळाबद्दल काय सांगितलेलं?"

"मुंडकं उडवलं तरी काही दिवस जगतं, बाई."

"बस. गृहपाठ केलेला दिसतोय," त्या म्हणाल्या, आणि कार्यक्रम ठरला.

लग्नांचं शूटिंग करणारा त्याचा मावसभाऊ कॅमेरा घेऊन आला. येताना धबधब्याचं चित्र असलेला लग्नातला पडदाही घेऊन आला. त्या धबधब्यासमोर सासूबाई इस्त्रीची सुती साडी नेसून, नाकावर चष्मा लावून बसल्या आणि म्हणाल्या, "नमस्कार. आज काय घडलं ते तुम्हाला इतरांनी सांगितलंच असेल. उरलेलं मी सांगते."

हे वाक्य महिन्याभरात डोंबिवली वेस्टला पाठ झालं. भाजीवाला मापात वर दोन मिरच्या टाकताना म्हणायला लागला, "उरलेलं मी देतो." संध्याकाळी सात वाजता कोपर गावाच्या बाजूला गल्लीतून चाललं की एका खिडकीतून वाक्याची सुरुवात ऐकू यायची आणि पुढच्या खिडकीतून शेवट. लोक रस्त्यात त्यांना अडवून काहीबाही सांगायला लागले. माझ्याकडे नाकवालं वांगं आहे. आमच्या नणंदेचा कुत्रा बोलतो.

इथे सासूबाईंचा नियम होता. परदेशातलं आपण छापलंय तसं वाचतो, तिथे जाऊन बघता येत नाही. पण इथलं काही असेल तर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सांगायचं नाही. त्यामुळे रविवारी आम्ही दोघी निघायचो. मी सोबत का, तर मी बी.एस्सी. आंबिवलीला आम्ही अंड्यात अंडं बघायला गेलेलो. ते खरं निघालं. वरचं कवच फोडलं तर आत दुसरं, छोटं, टणक. सासूबाईंना इतका आनंद झाला की, त्यांनी कोंबडीला नमस्कार केला. शहाडला एक गृहस्थ डोळ्याने शिट्टी वाजवतात असं कळलेलं. गेलो तर खरोखर नाक दाबून, गाल फुगवून ते डोळ्याच्या कोपऱ्यातून बारीक चीं असा आवाज काढायचे. त्यांची बायको म्हणाली, "लग्नाआधी सांगितलं नव्हतं हो." बोलणारा कुत्रा मात्र कल्याणला निघाला आणि तो सगळ्यालाच "आऊ" म्हणायचा. भाकरी दाखवली तरी आऊ, काठी दाखवली तरी आऊ. मालकीण म्हणे, बघा, आई म्हणतोय. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "उच्चार स्पष्ट नाही," आणि चपला घालायला लागल्या.

तर असं सगळं मजेत चाललेलं, आणि सासूबाईंचा घसा बसला.

साधासुधा नाही, पार बसला. आवाजाच्या जागी नुसती हवा यायची. डॉक्टरांनी बोलायचं नाही म्हणून बजावलं. त्या खुणांनी आणि पाटीवर लिहून घर चालवायला लागल्या. केबलवाला हवालदिल झाला, कारण सात वाजता धबधबा दिसला नाही तर लोक त्याच्या दारात यायचे.

सासूबाईंनी पाटीवर लिहिलं, "सूनबाई वाचेल."

मी वाचलं. मला वाटतं मी बरं वाचलं. नवी साडी नेसलेले, केस नीट बसवलेले, आणि फुलपाखरापासून शहामृगापर्यंत सगळं न अडखळता सांगितलं. नवरा म्हणाला, "छान." सासरे म्हणाले, "छान." खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "साडी छान." दुसऱ्या दिवशीही वाचलं. तिसऱ्या दिवशी सकाळी दाराची बेल वाजली.

दारात एक उंच, काळीसावळी बाई उभी होती. आगरी पद्धतीने नेसलेलं लुगडं, हातात रिकामी कळशी, अंगाला शेणाचा आणि पेंडीचा वास. तिने माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"तूच काय ती, दोन दिस टीव्हीत बसलेली?"

मी हसले. लाजलेसुद्धा. म्हटलं, "हो, मीच."

"तू नको बसूस, बाय. ती म्हातारी बाय कुठं हाय?"

मी तिला आत घेतलं. तिचं म्हणणं ऐकायला घरातले सगळे जमले. कोपरगावात खाडीच्या बाजूला तिचं घर आणि घरामागे म्हशींचा गोठा. एका म्हशीचं रेडकू पावसाळ्यात गेलं. तेव्हापासून ती म्हैस पान्हा सोडेना. म्हणजे कासेत दूध असूनही खाली उतरू देईना, पाय झाडायची, दूध काढायला बसलेल्याला लाथ मारायची. गूळ चारला, पाठ खाजवली, नवस बोलले. काही नाही.

"मंग येक दिस," ती म्हणाली, "सांजचे टायमाला आमचे घरान टीव्ही लागला व्हता. खिरकी उघरी. ही बाय बोलाला लागली, आन् म्हशीनी कान उबं केलान. मी धारंला बसलेले. तर दूध आला! भराभरा आला! तवापासना रोज तसाच. बाय बोलते, म्हस दूध देते."

"आणि आता?" सासऱ्यांनी विचारलं.

तिने माझ्याकडे बोट केलं. "आता हिनी वाचलान आन् म्हशीनी माजे नवऱ्याला लाथ मारलान."

माझा नवरा खुर्चीवरून खाली यायचा बाकी होता, इतका हसत होता. सासऱ्यांनी तोंडावर पेपर धरला, पण पेपर हलत होता. एकट्या सासूबाई हसल्या नाहीत. त्यांचे डोळे चमकायला लागलेले. त्यांनी पाटी ओढली आणि लिहिलं, "डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नाही."

संध्याकाळी आम्ही सगळे कोपरला. सासूबाईंच्या गळ्याला मफलर. केबलवाला आलेला, त्याचा मावसभाऊ कॅमेऱ्याशिवाय कुठे जातच नसे, म्हणून कॅमेराही आलेला. गोठा चांगला झाडलेला, चिकण्या जमिनीवर पाणी मारलेलं, पलीकडे खारफुटी आणि तिच्यावर उतरणारे बगळे. म्हैस शांतपणे रवंथ करत होती. तिच्याकडे बघून वाटलं नसतं की, ती इतकी चोखंदळ असेल.

सासूबाईंनी आधी परीक्षा लावली. शिक्षिकाच त्या. मावशी, म्हणजे ती म्हशीची मालकीण, कासेशी बसल्या आणि सासूबाईंनी खूण करून मला पुढे केलं.

मी म्हटलं, "नमस्कार. आज काय घडलं ते तुम्हाला..."

म्हशीने शेपटी फिरवली आणि माझ्या साडीवर शेणाची नक्षी उमटली.

नंतर नवरा. त्याने आईची नक्कल केली, बारीक आवाजात. म्हशीने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. सासरे पुढे झाले, खाकरले, आणि ऐनवेळी काय बोलायचं ते विसरले. "काय गं, कशी आहेस?" असं म्हशीला विचारून मागे आले. केबलवाल्याने कॅसेट प्लेअर आणलेला, त्यावर जुन्या कार्यक्रमाचा आवाज लावला. त्याला म्हशीने कान हलवले, मावशी म्हणाल्या थोडं आलं, पण म्हशीचं मन लागत नव्हतं.

मग सासूबाई पुढे गेल्या. मफलर सैल केला. डॉक्टरांनी बोलू नका म्हटलंय, अशी आम्ही सगळ्यांनी एकदम त्यांना आठवण करून दिली, त्यांनी हाताने आम्हाला गप्प केलं. म्हशीच्या कानाशी वाकून, त्या फाटक्या, घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "नमस्कार. आज काय घडलं ते तुम्हाला इतरांनी सांगितलंच असेल..."

म्हशीचे दोन्ही कान वळले. तिने मान खाली घातली. आणि कळशीत धारेचा आवाज सुरू झाला, आधी पत्र्यावर वाजतो तसा टणटण, मग भरेल तसा जाड, फेसाळ.

मावशींनी कपाळ म्हशीच्या पोटाला टेकवलं आणि त्या धार काढत राहिल्या. सासूबाई बोलत राहिल्या. फ्लेमिंगो डोकं उलटं करून जेवतो. मध नीट ठेवला तर नासत नाही. कोळंबीचं हृदय डोक्याजवळ असतं. मध्येच त्यांना काय शंका आली कोण जाणे, त्या एकदम एकोणीसचा पाढा म्हणायला लागल्या. धार तशीच. मग शाळेतली प्रतिज्ञा म्हटली. धार तशीच.

परत येताना रिक्षात त्या गंभीर होत्या. मला वाटलं, घसा दुखतोय. मी विचारलं, तर कुजबुजल्या, "म्हणजे मजकुराला काहीच किंमत नाही, गं."

घसा बरा होईपर्यंत त्या रोज संध्याकाळी कोपरला जायच्या. डॉक्टरांना आम्ही सांगितलं की, त्या घरात अजिबात बोलत नाहीत. ते खरंच होतं. परत येताना मावशी लोटाभर दूध द्यायच्या, वर साय इतकी जाड की चमचा उभा राहायचा.

आता प्रश्न असा उभा राहिला की, ही बातमी सांगायची की नाही. केबलवाला गळ घालत होता. "बाई, अख्ख्या डोंबिवलीत याच्याहून भारी काही नाही."

"बातमी देणाऱ्याने स्वतः बातमी व्हायचं नसतं," सासूबाई म्हणाल्या. आवाज परत आलेला, आणि त्याच्याबरोबर शिस्तही.

"पण बाई, डोळ्यांनी बघितलंय. तुमचाच नियम."

त्या विचारात पडल्या. दोन दिवस भांडी जरा जास्त जोरात आपटत होत्या. शेवटी तोडगा काढला की, बातमी द्यायची, पण त्रयस्थपणे. शूटिंग गोठ्यात झालं. धबधब्याचा पडदा तिथेही नेलेला, दोन बांबूंना बांधलेला. त्याच्यासमोर सासूबाई आणि म्हैस. सासूबाई कॅमेऱ्यात बघून म्हणाल्या, "कोपर येथील एका म्हशीस डोंबिवलीतील एका निवृत्त शिक्षिकेच्या आवाजाची सवय लागल्याचे दिसून आले आहे. सदर शिक्षिकेशी संपर्क साधला असता त्यांनी या वृत्तास दुजोरा दिला." तेवढ्यात म्हशीने जीभ लांब काढून धबधबा चाटला. मावसभाऊ ओरडला, "अरे पडदा! भाड्याचा आहे!" आणि हे सगळं तसंच्या तसं दाखवलं गेलं, कारण कापायचं कसं ते त्याला येत नव्हतं.

पुढचे काही दिवस आमच्या घराची जत्रा झाली. लोक कोपरला म्हैस बघायला जायचे आणि येताना आमच्याकडे सासूबाईंना बघायला यायचे. मावशींनी गोठ्याबाहेर दोन बाकडी टाकली. कोणाच्या गाईला ताप होता, कोणाची शेळी रुसलेली. कल्याणहून एका बाईने फोन केला की, बाळ भात खात नाही, तुम्ही फोनवर जरा बोलता का? सासूबाई म्हणाल्या, "म्हैस आणि बाळ यात फरक आहे." पण बोलल्या. जिराफाबद्दल काहीतरी सांगितलं. त्या बाईने परत फोन करून सांगितलं की, बाळाने भात खाल्ला नाही, पण बाळाच्या आजोबांनी दोनदा घेतला.

आणि मग ती बातमी मुंबईच्या एका पेपरात आली. आतल्या पानावर, कोपऱ्यात, चौकटीत.

सासऱ्यांनी पहिल्यांदा पाहिलं. पहिलं पान सोडून त्यांनी कधी आतलं उघडलं नसेल, पण त्या दिवशी भाजीचं पातेलं खाली टेकवायला पेपर उलटा केला आणि तिथे ती होती. त्यांनी मोठ्याने वाचलं. "कल्याणजवळील एका खेड्यात गायिकेच्या भजनाने गाय दुप्पट दूध देऊ लागली आहे. सत्तरी पार केलेल्या या गायिका..."

"काय?" सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. हातात लाटणं.

"गाय," सासरे म्हणाले.

"गाय?"

"आणि भजन."

"मी? भजन?"

"आणि सत्तरी पार."

त्यांनी लाटणं टेबलावर ठेवलं. त्यांना साठी गाठून फार दिवस झाले नव्हते. मी मनात म्हटलं, आता या पेपरच्या कचेरीत जाणार आणि संपादकाला बाकावर उभं करणार. त्यांनी चौकट हातात घेतली, चष्मा लावून स्वतः वाचली, पुन्हा वाचली. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. मी पुढे झाले, तर त्या हसत होत्या. आवाज न करता, मग आवाज करून, मग इतकं की पदर डोळ्यांना लावून खाली फरशीवरच बसल्या. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, त्यांना असं हसताना मी बघितलं नव्हतं. त्यांचं बघून सासरे हसायला लागले, त्यांचं बघून मी, आणि दूध उतू गेलं.

ओटा पुसता पुसता त्या म्हणाल्या, "अगं, मग तो कवळीवाला गृहस्थ?"

"त्याचं काय?"

"त्याची कवळी होती की चष्मा? मासा होता की बदक? तोही बिचारा घरी बसून असाच म्हणत असेल, अहो, मी कधी समुद्रावर गेलोच नव्हतो. आणि मी इतकी वर्षं तावातावाने..." त्यांना पुन्हा हसू फुटलं. "चोर तरी झोपला होता का गं खरंच?"

त्या संध्याकाळपासून परदेशातली बातमी वाचून झाली की त्या चष्मा काढून म्हणायच्या, "असं छापलंय. खरं काय ते त्यांच्या शेजाऱ्यांना ठाऊक." लोकांना हे पहिल्यापेक्षा जास्त आवडलं. मला तर फारच. आधी त्या बातम्यांमधली माणसं म्हणजे नुसती गंमत वाटायची. आता त्यांना घरं आली, शेजारी आले, हातात लाटणं घेऊन बाहेर येणाऱ्या बायका आल्या. जेवताना एखादी चौकट वाचली की आम्ही चौघं मिळून ती दुरुस्त करायचो. काय घडलं असेल, कोणी काय चुकीचं ऐकलं असेल, गाय कुठे म्हैस असेल. जेवण संपलं तरी कोणी उठायचं नाही, हात वाळून जायचे.

केबलचं पुढे जे व्हायचं ते झालं. मोठ्या केबलवाल्याने आमच्या केबलवाल्याची लाइन विकत घेतली, पन्नास चॅनल आले, सात वाजता तिथे कोणीतरी नाचायला लागलं. केबलवाल्याने त्याच खोलीत एसटीडी बूथ टाकला आणि सासूबाईंना सांगितलं, "बाई, तुम्हाला फोन कधीही फुकट." त्या कधी करायला गेल्या नाहीत. कोणाला करणार?

कोपरची जागाही गेली. गोठ्याच्या जमिनीवर बिल्डिंग उभी राहायला लागली. मावशींनी म्हशी आंबिवलीच्या पुढे, बहिणीच्या गावाला नेल्या. जाताना आमच्याकडे येऊन गेल्या. सासूबाईंनी केबलवाल्याकडून जुन्या कार्यक्रमांच्या कॅसेट भरून घेतलेल्या, त्या दिल्या. "थोडं तरी येईल हो," म्हणाल्या. मावशींनी त्या लुगड्याच्या पदरात बांधून नेल्या, प्रसाद नेतात तशा.

काही महिन्यांनी निरोप आला की, म्हैस व्यायली. रेडी झाली. या.

आम्ही दोघी गेलो. आंबिवलीला उतरून पुढे टांग्याने. गाव हिरवंगार, भाताच्या खाचरांत पाणी, अंगणात बायका भाजी निवडत बसलेल्या. गोठ्यात ती म्हैस आणि तिच्या पोटाखाली लटपटणारी, काळी कुळकुळीत रेडी, तोंडाला दुधाचा फेस. सासूबाईंनी मफलर नसतानाही गळ्यावरून हात फिरवला आणि पुढे झाल्या.

"नमस्कार," त्या म्हणाल्या. "आज काय घडलं ते तुम्हाला इतरांनी सांगितलंच असेल..."

म्हशीने ढुंकूनही बघितलं नाही. ती रेडीला चाटत होती.

मी सासूबाईंकडे बघितलं. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटायला लागलं. मावशीच म्हणाल्या, "बाय, ती आता आय झायली. तिला आता कोनाची गरज नाय."

"अगदी बरोबर आहे तिचं," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा वाईट वाटलेल्या माणसाचा नव्हता. वर्ग पास झाल्यावर काढलेल्या शाळेच्या फोटोंत त्या जशा दिसतात, तशा दिसत होत्या. "पण मी तयारी करून आले होते हो."

"मंग आमाला सांग," अंगणातली एक बाई म्हणाली.

ओटीवर घोंगडी टाकली. खरवसाचे जाड चौकोन ताटलीत आले, वेलची घातलेले, थरथरणारे. सासूबाईंना साखर बंद केलेली होती. त्यांनी पहिला चौकोन घेताना माझ्याकडे बघितलं, दुसरा घेताना नाही बघितलं. बायका भाजीची पाटी घेऊन जवळ सरकल्या. कॅमेरा नाही, धबधबा नाही, आणि सासूबाई मी कधी बघितल्या नव्हत्या इतक्या रंगात आलेल्या. हातवारे करत होत्या, उठून फ्लेमिंगो करून दाखवत होत्या. मग म्हणाल्या, "आणि फुलपाखरू चव कशाने घेतं, माहिती आहे? पायांनी. फुलावर बसलं की पायांनीच त्याला चव कळते."

बायकांतली एक, सगळ्यात म्हातारी, मेथीची जुडी हातात तशीच धरून विचार करत होती.

"पायानी?"

"पायांनी."

"बाय, आमचे शेतान तर ती चिकलावं बसतान," ती म्हणाली. "येक नाय, थवंच्या थवं. शेनावं पन बसतान. मंग तवा त्यांना कसा लागतंय?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी बी.एस्सी. म्हणून. मी खरवसाकडे बघितलं. आणि मग आधी मावशी, मग ती म्हातारी, मग सासूबाई, अशा एकेक करून सगळ्या हसायला लागल्या, इतक्या की गोठ्यातल्या म्हशीने शेवटी मान वळवून बघितलं, काय झालं म्हणून.